उष्टावणाच्या दुसऱ्या दिवशी

आमच्या नातीचं उष्टावण दोनदा झालं. एकदा स्वयंपाकघरात आणि एकदा हॉलमध्ये. हॉलमधल्या उष्टावणाचे दोन अल्बम आहेत, व्हिडिओ आहे, पाहुण्यांना वाटलेल्या चांदीच्या मुलाम्याच्या वाट्या अजून माळ्यावर आहेत. स्वयंपाकघरातल्या उष्टावणाचा एक फोटोही नाही. पण मला विचाराल तर खरं उष्टावण तेच. ते जेव्हा व्हायला हवं होतं त्यापेक्षा महिनाभर उशिरा झालं, आणि तो उशीर माझ्यामुळे झाला. आजीने असं छापून कबूल करणं बरं दिसत नाही, हे ठाऊक आहे मला. तरी लिहितेय, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात आत्ता या क्षणी भिंतीवरचं कॅलेंडर काढून अशीच चर्चा चालू असणार.

नात झाली २०२३ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या तीन-चार दिवस आधी. म्हणजे सहा महिने पूर्ण झाले जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. मुलग्याचं उष्टावण सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. तेव्हा सहा पुरे होऊन सातवा लागला की करायचं, असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. पण त्या वर्षी १८ जुलैला अधिक श्रावण लागला. सातवा लागायला आणि अधिक महिना यायला मध्ये जेमतेम आठवडा! तेवढ्यात हॉल मिळेना, नातीच्या मामाला नाशिकहून यायला रजा मिळेना. अधिकात शुभकार्य करायचं नाही म्हणून महिना गेला. नंतर आठवा लागतो, तो सम. म्हणजे मग नववा. नवव्यात १९ सप्टेंबरला गणपती, आणि त्यांच्या मागोमाग पितृपक्ष. अशी सगळी गाळणी लावून हाती राहिला एक रविवार, १७ सप्टेंबर. मुलुंडमधला एक बरा हॉल त्या दिवशी रिकामा होता. मी लगेच आगाऊ रक्कम भरून टाकली. किती हुशारी केली असं वाटलं होतं मला!

आता सूनबाईंची बाजू ऐका. तिचं ऑफिस अंधेरीला, चकाल्याजवळ. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथे जिना चढून मेट्रो. जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली, ही मोठीच गोष्ट. आमच्या वेळी १२ आठवडे मिळायचे. मी तर थोरल्याला तीन महिन्यांचा पाळणाघरात ठेवून बँकेत हजर झाले होते. पण हे २६ आठवडे बाळंतपणाच्या आधीपासून मोजले जातात. आमच्या सूनबाईंनी शेवटचे तीन आठवडे घरी काढले, त्यामुळे नात सव्वापाच महिन्यांची असताना ती कामावर रुजू झाली. म्हणजे बघा, ज्या दिवसांत बाळाला दुधाशिवाय आणखी काही लागायला सुरुवात होते, नेमक्या त्याच दिवसांत आईचा पाय घराबाहेर पडतो. ती सकाळी जाताना दूध काढून फ्रीजमध्ये ठेवायची, कमी पडलं तर डब्यातलं. जुलैच्या मध्यावर ती मला म्हणाली, "आई, सहा महिने झाले, आता थोडं थोडं भरवायला सुरू करू या का? डॉक्टर म्हणाल्या होत्या." मी म्हटलं, "थांब गं, आधी उष्टावण होऊ दे. उष्टं व्हायच्या आधी कसं भरवायचं?" ती गप्प बसली. सून गप्प बसली की सासूला वाटतं पटलं. तसं नसतं, हे कळायला मलाही उशीरच लागला.

ऑगस्टमध्ये नातीला सर्दी झाली म्हणून डॉक्टरांकडे नेलं. शनिवार होता, १२ तारीख, अधिकातली एकादशी. डॉक्टरांनी आधी वजन केलं. महिन्यापूर्वी जेवढं होतं तेवढंच. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग विचारलं, "काय काय खाते?" सून माझ्याकडे बघायला लागली. मी अधिक महिना, विषम महिना, हॉल, मामा असं सगळं सांगितलं. बाई शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आजी, हॉल सतरा सप्टेंबरचा आहे. भूक कुठल्या तारखेची आहे?"

रागावल्या नाहीत त्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी मग जे सांगितलं ते इथे देते, कारण आपल्याकडे हे कुणी नीट समजावून सांगत नाही. आईच्या पोटातून बाळ लोहाचा साठा घेऊन येतं. तो साधारण सहा महिन्यांपर्यंत पुरतो. आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं, ते दूध कितीही उत्तम असलं तरी. म्हणून सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, आणि सहा पूर्ण झाले की लगेच वरचं अन्न, असं जागतिक आरोग्य संघटनेपासून आपल्या बालरोगतज्ज्ञांपर्यंत सगळे सांगतात. दूध बंद करायचं नाही, ते दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवायचं. पण सहाव्यानंतर नुसत्या दुधावर बाळाची वाढ अडते. दिसायला बाळ गुटगुटीत दिसतं, आतून रक्त कमी होत असतं. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या आपल्या देशातल्या मुलांपैकी ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. त्याच पाहणीत सहा ते आठ महिन्यांच्या बाळांमध्ये आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न मिळणारी जेमतेम ४६ टक्के होती. हे आकडे वाचले की आपल्या डोळ्यांसमोर गरिबाघरची मुलं येतात. माझ्याही आली असती. पण त्या जुलै-ऑगस्टमध्ये मुलुंडच्या सातव्या मजल्यावरची, बँकेतून निवृत्त झालेल्या आजीची नात त्या अर्ध्याहून जास्त मुलांच्या बाजूला होती.

घरी आलो. मी उपवासाची. माझ्यासाठी वऱ्याचे तांदूळ शिजत होते आणि शेजारच्या शेगडीवर नातीसाठी मऊ भात आणि मुगाची डाळ. डाळीचं वरचं पाणी नाही हं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "पाण्यात काही नसतं, डाळ घोटून द्या. चमचा कलता केला तर लगेच ओघळता कामा नये." भात, डाळ एकत्र घोटलं, वर चमचाभर साजूक तूप. मामाला फोनवर बसवलं. सूनबाईंनी बोटातली अंगठी काढून धुतली, तिच्या टोकाने थोडं नातीच्या जिभेला लावलं. नात आधी दचकली, मग तोंड वेडंवाकडं केलं, आणि मग अंगठी ओढायला लागली. मामा तिकडून ओरडतोय, "अगं चमच्याने भरव!" पाच-सहा चमचे गेले. झालं उष्टावण. अधिक महिना, सम महिना, एकादशी. एकही गोष्ट जुळत नव्हती.

पुढे एक गंमत झाली, गंमत म्हणायची की काय ते तुम्ही ठरवा. आमच्या सासऱ्यांच्या वेळचा मराठी 'धर्मसिंधु' घरात आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेला ग्रंथ. महाराष्ट्रात सणावारांचे, सुतकाचे सगळे वाद शेवटी त्याच्यापाशी येऊन थांबतात. माझं मन खात होतं म्हणून मी तो काढला. त्यात अधिक मासात काय वर्ज्य आणि काय चालतं याची यादी आहे. ज्यांची वेळ ठरलेली आहे असे संस्कार, अगदी गर्भाधानापासून अन्नप्राशनापर्यंतचे, अधिकातही करायला हरकत नाही! लग्न, मुंज, वास्तू थांबू शकते, बाळ कसं थांबेल, एवढं त्या काळच्या शास्त्रीबुवांनाही कळत होतं. कळलं नव्हतं ते मला. माझं शास्त्र कुठून आलं होतं? थोडं आईकडून, थोडं कॅलेंडरच्या मागच्या पानावरून, थोडं हॉलच्या मॅनेजरकडून.

मग नादच लागला. इथल्या ग्रंथालयात जाऊन भारतरत्न पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राच्या इतिहासावरचा ग्रंथ आणि गृह्यसूत्रांचं भाषांतर काढून बसले. आश्वलायन गृह्यसूत्रात अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितलं आहे. आणि पदार्थ ऐका: पोषण हवं असेल तर बोकडाचं मांस, विद्येचं तेज हवं असेल तर तित्तिर पक्ष्याचं, कांती हवी असेल तर तूपभात. खिरीचं नावही नाही! आमच्या खालच्या मजल्यावर मालवणी काकू राहतात. त्यांच्याकडे नातवाला आठव्या महिन्यापासून माशाचा काटे काढलेला तुकडा भातात कुस्करून देतात, आणि मी इतकी वर्षं मनात नाक मुरडत होते. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "खाणाऱ्या घरात अंडं, मासा, मटणाचा खिमा जरूर द्यावा. लोह तिथलं जास्त चांगलं अंगी लागतं. न खाणाऱ्यांनी डाळी, हिरव्या पालेभाज्या, नाचणी, आणि वर लिंबाचे दोन थेंब पिळायचे." आम्ही न खाणारे. पण नाक मुरडणं थांबवलंय.

त्याच सूत्रात पुढे दही, मध, तूप मिसळलेलं अन्नही आहे. इथे मात्र सूत्र बाजूला ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नये. मधातून एक जंतू आतड्यात जाऊन बोट्युलिझम नावाचा दुखणं होऊ शकतं. क्वचित होतं, पण झालं तर बाळ लुळं पडतं. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी हे कुणाला माहीत असणार? आता माहीत आहे. तेव्हा पंचामृताची पळी समोर आली की बाळाचं तोंड हाताने झाका, गुरुजी काही म्हणोत.

आणखी एक ओळ त्या सूत्रात आहे, तिच्यापाशी मी बराच वेळ थांबले. मुलगी असेल तर हे सगळं करायचं, पण मंत्र म्हणायचे नाहीत. नुसतं हातांनी करायचं. म्हणजे तूपभात तोच, भूक तीच, फक्त तिच्यासाठी मागणं मागायचं नाही. आज गुरुजी मुलीच्याही वेळी मंत्र म्हणतात, पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने तर बायकांनाच पौरोहित्य शिकवलं, त्या म्हणतात. बरं झालं. पण ती ओळ पुस्तकात आहे आणि आपल्या वागण्यातही अजून पुसलेली नाही. "मुलगी आहे, एवढं कशाला" हे वाक्य काय फक्त मंत्रांबद्दल बोललं जातं? वाटीवर तूप किती घालायचं इथपर्यंत ते येतं.

आणि भरवणारा कोण? सूत्रात बाप. मामा हा आपला नंतरचा, प्रेमाचा रिवाज. आमच्या हॉलमधल्या कार्यक्रमात बाप काय करत होता, सांगू? मोबाईल धरून उभा होता. त्याची आई म्हणून मीच सांगते.

तो कार्यक्रम शेवटी झालाच. पैसे भरले होते ना! १७ सप्टेंबरला सव्वाशे माणसं, फुगे, नातीच्या फोटोचा फलक, पाटावर पेन, पुस्तक, नाणं, सोन्याची साखळी मांडलेली. ती काय उचलते यावर तिचं भविष्य. तिने पाटावरचं रेशमी वस्त्र ओढलं, सगळं खाली सांडलं आणि भोकाड पसरलं. खीर भरवली तर थुंकली, कारण एव्हाना ती दिवसातून तीनदा जेवणारी बाई झाली होती आणि दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. सून तिला आतल्या खोलीत घेऊन गेली, पर्समधून स्टीलचा डबा काढला. बाहेर बुफे चालू होता.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत राहतात. त्यांची नात आमच्या नातीपेक्षा महिन्याने लहान. मी हॉलचं पेढ्याचं पाकीट दिलं तर म्हणाल्या, "आमच्या पोरीचं झालं की अंगणवाडीत, गेल्याच महिन्यात." मला हे माहीत नव्हतं. तुम्हाला गावाकडे असेल. २०१८ साली पोषण अभियान सुरू झालं तेव्हापासून अंगणवाड्यांमध्ये अन्नप्राशन दिवस होतो. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांना बोलावतात, ओवाळतात, पहिला घास भरवतात. पुढच्या वेळी मी मुद्दाम बघायला गेले. दहा बाय बाराची खोली, भिंतीवर फळांची चित्रं, तीन बाळं. मुहूर्त विचारला नाही, पोरगा-पोरगी विचारलं नाही. विचारलं फक्त, सहा पुरे झाले का? सेविकाताईंनी वाटी दाखवली, इतकीच घ्या, दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून अर्ध्या वाटीपर्यंत जा, आधी दिवसातून दोनदा-तीनदा, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा. साखर घालू नका. पाकिटातलं तयार पीठ कसं शिजवायचं ते करून दाखवलं. एका आईने विचारलं, "उद्या घरी हिने तोंडात घेतलंच नाही तर?" ताई म्हणाल्या, "परवा परत द्यायचं. तेरवा परत. पोर नको म्हणतं ते चवीला नव्हे, चमच्याला. सवय नाही ना त्याला."

आमच्या सव्वाशे माणसांत 'उद्या' हा शब्द कुणाच्या तोंडात आला नव्हता.

मी काही उष्टावण बंद करा म्हणत नाही. उलट मला तर वाटतं, ज्या कुणी हे ठरवलं ती बाई मोठी शहाणी असणार. (पुरुषाने लिहून ठेवलं असेल, पण सहाव्या महिन्यात बाळ आपल्या घासाकडे टक लावून बघतं हे पाहिलेलं बाईनेच असणार.) घरात कुणाला वाचता येत नव्हतं, वजनकाटा नव्हता, तेव्हा या एका समारंभाने सगळ्या गोतावळ्याला सांगितलं की आजपासून या जिवाचं ताट वेगळं. तो समारंभ आपण तारखेवरून उचलला आणि हॉलच्या सोयीवर नेऊन ठेवला. समारंभ पुढे ढकलायचा तर खुशाल ढकला, माणसं जमण्यात मलाही आनंदच आहे. घास ढकलू नका. घरातल्या घरात, मामा नसला तर फोनवर, नाहीतर बापाच्याच हाताने. माझा मुलगा आता सकाळचं खाणं भरवतो. आधी भिंतींना जास्त आणि मुलीला कमी मिळायचं, पण जमलं. सून ८.१२ ची लोकल पकडते ती डोक्यात वाटीचा विचार न ठेवता.

नातीचं वजन ऑक्टोबरपर्यंत रुळावर आलं. रक्त तपासलं तेव्हा कमी निघालं होतं, त्याचं औषध तीन महिने द्यावं लागलं. ते काळपट थेंब देताना दर वेळी तिच्या तोंडाकडे बघायचं मी टाळायचे.

मध्यंतरी कराडहून भाचीचा फोन आला. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, आणि तिच्या लेकाचे सहा महिने नेमके त्यातच पुरे होणार. सासूबाई म्हणतायत, अधिक संपू दे. "मावशी, तू काय केलं होतंस गं?" मी काय केलं होतं ते सगळं सांगितलं, वजनासकट. आणि म्हटलं, सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांना फोन दे, धर्मसिंधूतलं मी वाचून दाखवते. मग ती नाचणीचं विचारायला लागली. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून ठेवायची, मोड आले की सावलीत वाळवून, थोडी भाजून, दळून वस्त्रगाळ करायची. मोड आणल्याने पीठ घट्ट गोळा होत नाही, त्यामुळे थोड्याच पातळ खिरीत जास्त पीठ मावतं आणि एवढ्याशा पोटाला तेच हवं असतं. "किती घेऊ?" म्हणाली. मी म्हटलं, अर्धा किलो पुरे, आणि लगेच करू नकोस, जास्त दिवस ठेवलं तर वास लागतो. दहा मेच्या सुमारास भिजत घाल.